साहेबाच्या जीपची दारं

“कुणी केल्या ह्या बिजागऱ्या? अहो, कुणी?” रेवसच्या बांधावर उभा राहून साहेब बोंबलत होता. छातीपर्यंत चिखल, हॅट कुठल्या कुठे. मागे खाजणात त्याची जीप रुतलेली, भरतीचं पाणी बैठकीला लागलेलं, आणि हा गृहस्थ आनंदाने नाचत होता! शेजारी मी. तितकाच चिखलात.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी आजवर लिहून कधीच ठेवलं नाही. तोंडाने दिलं ते एकदाच, एकाच माणसापाशी.

मी थापाड्या आहे, हे अलिबागपासून माणगावपर्यंत कुणालाही विचारा. नागावला मी पकडलेल्या मुशी माशाचं शेपूट एका वाडीत अन् तोंड दुसऱ्या वाडीत होतं. निम्मं कापून घ्या, तरी थापच उरेल. पण तुम्ही हसता, मी हसतो, कुणाचं काय जातं? – असं मी समजत होतो.

तर ती जीप. लष्कराने मोडीत काढलेली, लिलावात आलेली, दारंच नसलेली. साहेब खारबंदिस्तीच्या कामावरचा इंजिनिअर, दिवसभर बांधांवरून हिंडणारा. खाऱ्या पाण्याने भिजून कंटाळला. अलिबागेत माझं सायकली अन् पंप दुरुस्तीचं दुकान. म्हणाला, दारं करून द्या. पत्र्याची दारं मी झोकात केली. बिजागऱ्या मात्र – काय सांगू? पहिल्या खड्ड्यात उखडल्या. दुसऱ्या खाऱ्या हवेने पंधरा दिवसांत गंजून अशा धरल्या की दार उघडेना, साहेब छपरावरून उतरला.

मग मी गुपचूप धाकूदादाकडे गेलो. रेवसच्या खाडीकाठचा म्हातारा लोहार. मचव्यांच्या सुकाणूंचं लोखंडकाम करायचा. जीप त्याने जन्मात जवळून पाहिली नव्हती. टेप नाही, कागद नाही. अंगठा फिरवला, वीत टाकली, डोळे मिटले – आणि विचारलं काय, तर “पान्यात कुठवर जाते?”

त्याने सुकाणूसारखी बिजागरी केली. सुकाणू कसं, वर उचललं की सुटतं. लोखंडाच्या पट्ट्या, पितळेच्या पिना. खालची पिन वरचीपेक्षा बोटभर लांब. का? तर आधी एक भोकात बसते, मग दुसरी आपोआप सापडते. लाटेवर, अंधारात, एकट्या माणसालाही सुकाणू चढवता यावं म्हणून! मी खोटं पुष्कळ बोललो, पण हे ऐका – दार बसवून त्याने नुसतं फुंकलं, आणि दार हललं. फुंकरीने! देवळातसुद्धा मी इतका गप्प कधी उभा राहिलो नव्हतो.

मग तो चिखलाचा दिवस. साहेबाबरोबर मीही होतो, आणि जीप बांधावरून घसरली. चिखलाने दारं बाहेरून दाबून धरली, ढकलून उघडेनात. साहेबाने बिजागरीची खिट्टी काढून दार वर उचललं – सुटलं! माझंही सुटलं. दोन्ही दारं चिखलावर आडवी टाकली, एकावर उभं राहायचं, दुसरं पुढे सरकवायचं, असे आम्ही बांधाला लागलो.

आणि साहेब ओरडला. हाकेच्या अंतरावर धाकूदादाच्या भट्टीचा धूर दिसत होता. नुसतं बोट दाखवायचं होतं.

“मीच,” मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी... पण मी कसला थांबतो? रेवदंड्याच्या पोर्तुगीज तोफेचं लोखंड आणलं म्हणालो. मुशीच्या तेलात सात वेळा बुडवलं म्हणालो. तो धूर कसला, असं साहेबाने विचारलं, तर म्हणालो – तिथे एक म्हातारा आहे, माझा भाता ओढतो, डोक्याने जरा हलका आहे, काहीही बरळतो.

साहेबाने मला पेणच्या वर्कशॉपात हेडमिस्त्री केलं. राहायला पक्की खोली. धाकूदादाच्या भट्टीत दर उधाणाला पाणी शिरायचं, निखारे विझायचे, ओल वाळेपर्यंत हातोडा गप्प. “मिस्त्री, कुठं कोरडी जागा गावंल का रं?” असं त्याने मला जीप रुतायच्या आधी, त्याच महिन्यात विचारलं होतं. मला ते आठवत नव्हतं का? बांधावर उभा असताना तेच आठवत होतं.

चार पावसाळे मी त्या कोरड्या खोलीत झोपलो. मग एका दुपारी रेवसला गेलो. धाकूदादा चिखलातून ऐरण उपसत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं – तोफ, तेल, भाता, हलकं डोकं. या खेपेला एक अक्षर वाढवलं नाही.

त्याने ऐरण पुसली. वर न बघता म्हणाला,

“आलता येकदा तुजा साहेब. मी सांगितलं, बिजागऱ्या मी केल्यात. त्यो हसला.”