माझी सून आणि एकवीस किलोमीटर

आमच्या वैशालीनं पळायला सुरुवात केल्याला दोन वर्षं झाली. एवढ्यात बुटांचे तीन जोड झिजले, आणि गोष्टी तर इतक्या साठल्या की आढीत घातलेल्या आंब्यांसारखं झालंय. एक काढायला हात घालावा, तर चार पिकलेले हाताला लागतात! त्यातल्या थोड्या सांगते.

* * *

वैशाली म्हणजे माझी सून. वय शेहेचाळीस, शाळेच्या ऑफिसात क्लार्क. डॉक्टरांनी शुगर सांगितली आणि म्हणाले, "रोज चाला." ती चालायला लागली. तिसऱ्या दिवशी थिबा राजवाड्याच्या रस्त्याला कुत्रा पाठी लागला. घामाघूम होऊन घरात आली. मला वाटलं, आता रडणार. तर ही बाई हसतेय!

"आई, मी घरापर्यंत पळत आले! एकदापण थांबले नाही!"

मी म्हटलं, "मग त्या कुत्र्याला उद्यापण ये म्हणावं!"

* * *

आमच्याकडे कारणाशिवाय कोणी पळत नाही. एसटी सुटत असली किंवा घरात कोणी सिरीयस असलं, तरच पळायचं. पहाटे पाचला वैशाली पळताना दिसली, तशी नाक्यावरच्या हनीफभाईनं रिक्षा तिच्या बाजूला घेतली.

"वहिनी, बसा! कितीची गाडी आहे?"

"गाडी नाही हो भाई. मी अशीच पळतेय."

तो थोडं अंतर तसाच बाजूनं आला. मग हळूच म्हणाला, "घरी भांडण झालं काय?"

तिनं समजावलं तेव्हा कुठे त्याला पटलं. पण त्या दिवसापासून तो रोज उतारापर्यंत रिक्षा तिच्या पाठी ठेवतो, हेडलाइटचा उजेड पडावा म्हणून. मी एकदा म्हटलं, "भाई, रोज कशाला तुम्हाला त्रास?"

"आजी, एवढी मेहनती पॅसेंजर मी आयुष्यात बघितली नाही. बसत नाही, एवढंच!"

* * *

मग ती पळणाऱ्यांच्या ग्रुपात गेली. तिथले सावंत सर म्हणजे रिटायर्ड पीटी टीचर. त्यांनी कुठल्या दिवशी किती पळायचं याचा कागद दिला. मला कुठलं वाचता येतंय! मी चुलीतला कोळसा घेतला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझा हिशेब सुरू केला. पळाली की उभी रेघ, लोळली की आडवी, आजारी असली की फुली.

माझा मुलगा ओरडला, "आई, अगो आताच रंग लावलाय भिंतीला!"

"तू एक उभी रेघ कमावून दाखव, मग बोल."

सर एकदा चहाला आले, भिंत बघून उभेच राहिले. म्हणाले, "आजी, माझ्या मोबाइलमध्ये हिनं आजारी असल्याचं कळवलेले तीन दिवस तुमच्याकडे आडवे दिसतायत!"

वैशाली पोह्यांची बशी ठेवून जी आत गेली, ती सर जाईपर्यंत बाहेर आली नाही.

* * *

पावसाळ्यात एकदा अठरा किलोमीटर पळून आली. भर पावसात, चढ-उतार सगळे केले, कुठे पाय घसरला नाही. आणि आमच्याच अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून आपटली! घोटा सुजून भोपळा. डॉक्टरांनी तीन आठवडे बसवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला खोलीतून आवाज आला. बघते तर खुर्चीत बसून दोन्ही हात पळवतेय, धापा टाकतेय.

"काय चाललंय गो हे?"

"रजा पायांना आहे ना आई? हातांना कुठे आहे!"

* * *

एवढं सगळं कशासाठी, तर एकवीस किलोमीटरच्या शर्यतीसाठी. साडेतीन तासांत पोचलं तर मेडल. नाही पोचलं, तर पाठून गाडी येते आणि उचलून नेते.

गेल्या वर्षी तिला गाडीनं उचललं. दमली म्हणून नाही हो! रस्त्याला दर घरासमोर ओळखीचं कोणीतरी. "काय गो वैशाली, सासूबाई बऱ्या आहेत ना?" की ही थांबून उत्तर देणार. कोणी कोकम सरबत आणलं, कोणी शहाळं फोडलं. सतराव्या किलोमीटरला गाडी येऊन उभी!

घरी आल्यावर म्हणाली, "आई, मला कोणाला नाही म्हणता आलं नाही."

"पुढच्या वेळी माझं कोणी विचारलं तर सांग, म्हातारी गेली. मग पुढे प्रश्न नाहीत."

"मग तर तासभर सोडणार नाहीत!"

* * *

यंदा तिनं शपथच घेतली, काही झालं तरी थांबायचं नाही.

आता शेवटचे दोन किलोमीटर राहतात, तिथे रस्त्याला लागूनच तिचं माहेर. माहेरवाशीण दारात आली की ओटी भरल्याशिवाय जाऊ द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. गेल्या वर्षी तिची भावजय संगीता ताट घेऊन उभी होती, आणि वैशाली गाडीत मान खाली घालून समोरून निघून गेली. संगीतानं ते ताट रडत आत नेलं होतं.

यंदाही संगीता ताट घेऊन उभी. वैशालीच्या हातात वीस मिनिटं उरलेली.

"वन्सं, एक मिनिट!"

"वहिनी, थांबले तर गेले!"

आणि वैशाली खरंच थांबली नाही. संगीतानं एकदा ताटाकडे बघितलं, एकदा तिच्या पाठीकडे, आणि साडी खोचली.

मी इकडे भाट्याला, शेवटच्या रेषेपाशी खुर्ची टाकून बसलेली. सावंत सर घड्याळ बघून ओरडत होते, "पाच मिनिटं! चार!" आणि वळणावर वैशाली दिसली. टी-शर्टाचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरलेला, त्यातून तांदूळ सांडतायत, कपाळावर हळदकुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं. आणि तिच्या बाजूला संगीता! अनवाणी, खांद्यावर खण, काखेत नारळ.

दोघींनी रेष एकदमच ओलांडली. तीन मिनिटं शिल्लक होती.

मेडल देणाऱ्या मुलीनं एक मेडल वैशालीच्या गळ्यात घातलं, दुसरं हातात घेतलं आणि संगीताकडे वळली. "मॅडम, तुमचा नंबर कुठाय? तुम्ही कुठल्या गटातून पळालात?"

संगीतानं श्वास घेतला. काखेतला नारळ काढून वैशालीच्या टी-शर्टात ठेवला, त्यावर खण ठेवला, वाकून नमस्कार केला आणि त्या मुलीला म्हणाली,

"मी कुठली पळतेय बाय! ओटी अर्धी राहिली होती."