धुतलेल्या गाडीचा दोष

चिखलाचा मला तिटकारा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्या वडिलांची उभी हयात दुसऱ्यांच्या काळ्या जमिनीत गेली. पावसाळ्यात संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा पायांना इतका गारा चिकटलेला असायचा की आई आधी लाकडाच्या ढलपीने तो खरवडायची आणि मगच पाणी ओतायची. धम्मदीक्षेनंतर त्यांनी ठरवून टाकलं की पोराने आता मातीत हात घालायचा नाही. शाळा झाली, मग अकोल्याला मोटारीचं काम शिकलो आणि साठच्या सुमारास अमरावतीत एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री म्हणून लागलो. खाकी शर्ट मी घरून कडक इस्त्री करून घालून जायचो. ड्रायव्हर मंडळींनी दुसऱ्याच आठवड्यात माझं बारसं केलं: इस्त्रीवाला मिस्त्री.

वर्कशॉपात एक जुना नियम होता. गाडी धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही. माझ्या आधी तो कोणी फारसा मनावर घेत नसे, मी घेतला. फाटकाजवळ पाण्याचा हौद होता, पंप होता. ड्रायव्हरने तिथे गाडी वरून-खालून लख्ख धुवायची आणि मगच, गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा होता, त्या खड्ड्यावर आणायची. चाकाच्या आत बोटभर गारा दिसला तरी मी गाडी परत पाठवायचो. चार शिव्या मागून ऐकू यायच्या. पण काम करून निघालो की माझा शर्ट सकाळसारखाच असायचा आणि याचा मला त्या काळात फार अभिमान होता.

आमच्याकडे लष्कराच्या लिलावातून आलेली एक जीप होती. तिची चारही चाकं इंजिनला जोडता येत. देवी टोचणाऱ्या डॉक्टरांना घेऊन ती वलगावच्या पुढच्या आडवाटेच्या गावांतून परतवाड्याला आणि तिथून घाट चढून सेमाडोहकडे जायची. तिचा ड्रायव्हर वलगावचाच, पन्नाशीचा. शेती भावांवर सोपवून वीस वर्षं सरकारी गाडी चालवत होता. स्टेअरिंगवर असा ताठ बसायचा की गावातली पोरं त्यालाच साहेब समजायची. डॉक्टर दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसत नाहीत, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. आणि ते खरंच होतं.

एका पावसाळ्यात तो माझ्याकडे आला.

"मिस्त्री, गाडी घाटात भडकून राहिली," तो म्हणाला. "वळनावर स्टेअरिंग जड होते, मंग पुढून उडी मारते अन् बाहेरच्या अंगाले पळते."

मी पहिला प्रश्न शिकवल्यासारखा विचारला. "भाऊ, पुढचं गिअर सोडता ना तुमी?"

"वीस वर्सं झाली मले. सोडतो नाई त काय!"

प्रश्न बरोबर होता. काळ्या मातीतून निघायचं तर पुढच्या चाकांनाही जोर द्यावा लागतो. त्यासाठी गिअरजवळ एक वेगळा दांडा असतो. पण पक्की सडक लागली की तो दांडा ओढून पुढची चाकं मोकळी करायची, कारण वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबून जावं लागतं. खळ्यावर मळणीला बैलांची पात फिरते तेव्हा कडेचा बैल जास्त चालतो, आतला कमी, तसंच. दोघांना सारखंच चालायला लावलं तर ओढाताण होणारच.

मी गाडी हौदावर पाठवली. धुऊन आली, तशी खड्ड्यावर घेतली. स्टेअरिंगचे सांधे हलवून पाहिले, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळले, चारही चाकांतली हवा सारखी केली, टायरची झीज पाहिली. दांडाही ओढून पाहिला, बरोबर सुटत होता. मग बडनेऱ्याच्या रस्त्यावर नेऊन वळणं घेतली. गाय असावी तशी चालली. "काही नाही झालं, भाऊ," मी म्हणालो. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. पुन्हा हौद, पुन्हा खड्डा, पुन्हा बडनेरा रस्ता. पुन्हा काही नाही.

तिसऱ्या फेरीत जीप वळणावर कठड्याच्या दगडाला घासली आणि डॉक्टरांसोबतच्या नर्सबाईंच्या कोपराला मार बसला. आमच्या खात्याच्या साहेबांनी मला बोलावलं. ड्रायव्हर दारातच उभा होता.

"दोष गाडीचा आहे की माणसाचा? लेखी दे," साहेब म्हणाले.

मी आणखी एकदा गाडी तपासली, अर्थातच धुऊन, आणि लिहून दिलं: गाडीत दोष आढळला नाही. माणसाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

बाहेर तो माझ्या मागे मागे आला. "मिस्त्री, एकडाव माह्यासंग घाटात बसून पाह्य. इथं ते शहानी होते."

"चार गाड्या खड्ड्यावर हायेत, भाऊ," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मनात होतं की म्हाताऱ्याचे हात गेले आणि तो गाडीचं नाव घेतोय. पंचविशीतल्या माणसाला पन्नाशीतला म्हातारा वाटतो. दुसऱ्या दिवसापासून त्याला जीपवरून काढून ऑफिसच्या दाराशी स्टुलावर बसवलं. फायली इकडून तिकडे न्यायच्या. तो रोज ड्रायव्हरचाच डगला घालून यायचा. मी त्या दारावरून जायचं टाळू लागलो.

जीपवर नवा, तरणा ड्रायव्हर आला. तीन आठवडेही झाले नसतील, तोच सेमाडोहच्या अलीकडच्या एका वळणावर जीपचं पुढचं चाक नालीत गेल्याचा निरोप आला. सुदैवाने कोणाला लागलं नव्हतं. हत्यारांची पेटी घेऊन मी एस.टी.ने गेलो.

जीप गाऱ्याने माखलेली होती. आदल्या दिवशी खालच्या गावांतून निघताना रुतत रुतत आली होती आणि वर आल्यावर ऊन लागलं होतं. मी काय केलं असेल? आधी पाणी शोधलं. तरणा ड्रायव्हर हसायला लागला. "इथं कोन धुते, मिस्त्री?"

मग शर्ट काढून सागाच्या फांदीवर टांगला आणि बनियनवर गाडीखाली शिरलो.

दांडा सोडलेला होता. त्याने माझ्यासमोर दाखवला, ओढलेलाच होता. मी पुढचं एक चाक जॅकने उचललं. दांडा सुटलेला असेल तर ते चाक हाताने फिरायला हवं. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी फिरेना. मग दांडा खाली जिथे उतरतो तिथे हात घातला. दांडा आणि गिअरची पेटी यांच्या बेचक्यात काळा गारा बसला होता आणि पेटीच्या उष्णतेने तो विटेसारखा कडक वाळला होता. दांडा वरून ओढला की थोडा यायचा आणि त्या ढेपेवर अडायचा. हाताला वाटायचं, सुटला. चाकं बांधलेलीच राहायची. मी छिन्नीने ढेप फोडली, दांडा आणखी दोन बोटं मागे आला आणि चाक हाताच्या एका धक्क्याने गरगर फिरलं.

मी तिथेच पडून राहिलो. तीन वेळा तो माणूस ही गाडी घेऊन माझ्या फाटकाशी आला होता. तीनही वेळा मी ती हौदावर पाठवली. दोष दर वेळी तिथे मऊ होऊन वाहून गेला आणि उरलेल्या स्वच्छ लोखंडाकडे बघून मी माणसाला दोषी धरलं. मला लाज वाटली. इतकी की तरण्या ड्रायव्हरने दोनदा हाक मारल्यावरच मी बाहेर आलो.

साहेबांपुढे नवा कागद ठेवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. "तुझी नोकरी अजून कायम व्हायची आहे. हे असं स्वतःविरुद्ध लिहितोस?"

"जसं झालं तसं लिहिलं, साहेब."

माझं कायम होणं वर्षभर लांबलं. त्याचं काही वाटलं नाही म्हणणं खोटं ठरेल, वाटलं. पण दांड्याखाली पत्र्याचं झाकण बसवायला परवानगी मिळाली आणि जुन्या ड्रायव्हरला त्याची जीप परत मिळाली.

त्याला सांगायला मी स्वतः गेलो. तो स्टुलावर बसून फायलीला दोरी ओवत होता.

"भाऊ, दोष गाडीतच होता. चूक माही झाली. तुमी म्हनत होते तवा घाटात आलो नाई मी."

त्याने दोरी खाली ठेवली. "म्हंजे माहे हात बरे हायेत?"

"बरे हायेत, भाऊ."

तो उठला, डगल्याची बटणं लावली, मग पुन्हा बसून दोरी ओवू लागला.

पहिल्या फेरीला मी त्याच्या शेजारी बसलो. वलगाव ओलांडेपर्यंत तो पूर्वीसारखा बोलत होता, रस्त्यातल्या ओळखीच्यांना हात करत होता. परतवाड्याला दांडा ओढून त्याने गाडी थांबवली, खाली वाकून पाहिलं. मग मला पाहायला लावलं. झाकण जागेवर होतं, दांडा पुरता मोकळा होता. घाट सुरू झाला. पहिल्या वळणाच्या अलीकडे गाडी हळू झाली आणि थांबली. त्याने दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"तू घे," तो म्हणाला.

"गाडी बरी हाय, भाऊ. आताच पाह्यली आपन."

"गाडी बरी हाय, मले ठाऊक हाय. पन इतके दिवस सारे म्हनून राहिले का तुहे हात गेले. म्या बी मानलं ना रे ते."

तो उतरून माझ्या बाजूला आला. मी स्टेअरिंगवर बसलो. जीपने ते वळण अलगद घेतलं, पुढचंही घेतलं. शेजारी त्याचा उजवा पाय प्रत्येक वळणावर खालचा पत्रा दाबत होता, जिथे ब्रेक नव्हता. सेमाडोह येईपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही.