नटाखालचा रंग

साखऱ्यात बहिणीच्या शेतात कोळपणी करणाऱ्या मोटरसायकलचे इंजिन गेल्या जुलैत एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास फ्रेममध्ये हलू लागले आणि काम थांबवावे लागले. तोपर्यंत तीन एकर सोयाबीनपैकी अर्धा एकर झाला होता.

हे यंत्र म्हणजे शंभर सीसीची एक जुनी गाडी. दाजींनी तिचे मागचे चाक काढून त्या जागी दोन अरुंद लोखंडी चाके बसवून घेतली होती आणि त्यांच्यामागे तण कापणारी कोळप्याची तीन पाती. गाडी चालवायची ती बहीण. दाजींचा हात जड. ते ओळ सोडून पिकात शिरायचे.

आठवडाभराच्या पावसानंतर रविवारी उघडीप झाली होती. सोमवारी उशिरा वाफसा आला, म्हणजे माती पायाला चिकटेनाशी झाली. बुधवारी पुन्हा पाऊस सांगितला होता. हातात मंगळवार एवढाच होता. त्या दिवशी कोळपणी झाली नसती तर तण सोयाबीनच्या वर गेले असते. गावातल्या बैलजोड्या आपापल्या शेतात गुंतल्या होत्या. मी वर्तमानपत्राच्या कचेरीतून रजा घेऊन आदल्या संध्याकाळी हिंगोलीहून आलो होतो आणि बांधावर उभा होतो.

बहिणीने गाडी थांबवली तेव्हा तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. टाकी गुडघ्यांना झोंबते, असे ती म्हणाली. दाजींनी पाना घेतला, जोर लागावा म्हणून त्याच्या दांड्यात हातभर पाइप अडकवला आणि इंजिनाचे पुढचे बोल्ट आवळले. सहा तासे झाली, म्हणजे सहा ओळींमधून गाडी गेली, आणि नट पुन्हा ढिले. पुन्हा आवळले, या वेळी चार तासे. तिसऱ्या वेळी दोन. शेजारचा शेतकरी बैल वळवताना बांधाशी थांबला.

"वहिनी, बैलाला बोल्ट नसतात," तो म्हणाला आणि पुढे गेला.

इंजिनाचे बेअरिंग गेले, असे दाजींचे मत झाले. इंजिन उतरवून हिंगोलीला न्यायचे, खोलायचे. चार दिवस लागतील. बहिणीने नरसीच्या मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री साडेदहाला आले, स्कूटरवर, पायांमध्ये हत्यारांची पेटी घेऊन. वय साठीच्या पुढे. बहीण त्यांना चाचा म्हणते. त्यांनी आधी कोणाचेच ऐकून घेतले नाही. गाडी जागेवर चालू करायला लावली आणि इंजिनाच्या पुढे खाली बसून एक बोट असे ठेवले की अर्धे इंजिनावर टेकेल आणि अर्धे फ्रेमच्या पट्टीवर. मग बहिणीला तसेच बोट ठेवायला सांगितले. काय लागते, असे विचारले.

"इंजिन एकीकडं अन् पट्टी दुसरीकडं हलून राहिली, चाचा."

"मंग इंजिन काहून खोलायचं? ते बराबर हाय. त्याला धरणारे ढिले हायेत."

धरणारे म्हणजे फाउंडेशन बोल्ट आणि त्यांच्या लोखंडी पट्ट्या. इंजिन फ्रेमला याच जागी जोडलेले असते. चार बोल्ट आणि पुढे डावी-उजवी अशा दोन पट्ट्या. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत यांच्यावर जेवढा ताण येतो, त्याच्या कितीतरी पट माती ओढताना येतो, असे मिस्त्रींनी सांगितले. त्यांनी पुढचे दोन बोल्ट काढले, पट्ट्या हातात घेतल्या आणि ब्लेडने खरवडू लागले. वर चंदेरी रंग निघाला. त्याच्याखाली हिरवा. त्याच्याखाली गुलाबी.

दाजींनी बैल विकले त्याला तीन पोळे झाले होते. बैल नसला तरी पोळा चुकवायचा नाही म्हणून दर पोळ्याला शिंगांचा रंग या गाडीला लागत होता. गावात इतरही गाड्या रंगतात, पण त्यांची टाकी आणि हँडल. दाजींचे काम पक्के. ते दर वर्षी पट्ट्या काढून दोन्ही अंगांनी रंगवत, वाळवत आणि रंगावरच नट आवळत. एवढ्या वर्षांत गंज म्हणून लागला नाही, हे त्यांनी मिस्त्रींना अभिमानाने सांगितले.

मिस्त्री खरवडतच राहिले. लोखंड लोखंडाला टेकले पाहिजे, ते म्हणाले. मध्ये रंगाचा थर राहिला की इंजिनाच्या उष्णतेने तो मऊ पडतो, हादऱ्याने दबतो आणि नट न फिरताच ढिला होतो. पाइप लावून आवळले की थर आणखी दबतो.

"बैलाची शिंगं रंगवली तं ठीक. त्याच्या सांध्यात रंग भरता का, भाऊ?"

दुसरे ब्लेड घेऊन दाजी डावी पट्टी खरवडायला बसले.

उजवी पट्टी स्वच्छ झाली तरी मिस्त्रींचे समाधान होईना. त्यांनी ती उन्हात फिरवून पाहिली, दगडावर वाजवली. मग डिझेल मागितले आणि तोंडाला लावायची पावडर. बहीण घराकडे अक्षरशः पळाली आणि डिझेलची बाटली अन् पावडरचा डबा घेऊन आली. मिस्त्रींनी पट्टीला डिझेल चोळले, पाच मिनिटे ठेवले, फडक्याने कोरडी ठाक पुसली आणि वर पावडर भुरभुरली. चार डोकी एका पट्टीवर वाकली. काही वेळ पट्टी नुसती पांढरी दिसत होती. मग बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत केसासारखी एक ओली रेघ पांढऱ्यातून वर आली. भेगेत शिरलेले डिझेल बाहेर येत होते.

"सापडलं," बहीण म्हणाली.

तेव्हा बारा वाजून पाच मिनिटे झाली होती. भेगेला वेल्डिंग केले तर पट्टी वाकडी होणार, आणि या मॉडेलची पट्टी मिस्त्रींच्या दुकानात नव्हती. हिंगोलीहून आणायची तर येण्याजाण्यात आणि शोधण्यात दुपार संपणार. मिस्त्री उठले, बांधाजवळ लावलेल्या माझ्या मोटरसायकलभोवती एक फेरी मारली आणि पुढे वाकून पाहिले. पट्टी तीच होती. त्यांनी मला काही विचारले नाही, बहिणीने विचारले. मी किल्ली दिली.

माझ्या गाडीचा पहिला नट सैल करायला त्यांनी पाना लावला आणि परत खाली ठेवला. नट बोटांनीच फिरून हातात आला.

"पेपरवाले, ही गाडी तुमी आणली, का हिनं तुमाला आणलं?"

बहीण इतकी हसली की तिला बांधावर बसावे लागले. दाजीही हसले, त्या दिवशी पहिल्यांदा. ती गाडी मी पाच वर्षे वापरत होतो. इंजिनाच्या बोल्टला मी एकदाही हात लावला नव्हता.

बसवण्याचे काम पाऊण तास चालले. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा दिला. सगळे बोल्ट आधी हातानेच घातले, इंजिन आपल्या जागी नीट बसू दिले आणि मग मागचा खालचा, मागचा वरचा, पुढचे दोन, असे थोडे थोडे आवळत नेले. नटांखालचे स्प्रिंग वायसर, म्हणजे लवचीक चकत्या, नवे घातले. पाइप मिस्त्रींनी दूर फेकला. शेवटी त्यांनी गेल्या पोळ्याचा उरलेला रंग मागितला. दाजींनी संशयानेच डबी आणली. मिस्त्रींनी काडी बुडवून प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडावर एक बारीक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. रंग एवढाच लावायचा, असे त्यांनी दाजींना सांगितले.

दीड वाजता गाडी सुरू झाली. बहिणीने आपण होऊन बोट ठेवले. मिस्त्री तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"आता दोन्ही मिळून एकच हलून राहिलं, चाचा."

"मंग बसून काहून राहिली? चल."

पहिली दहा तासे झाल्यावर ती बांधाशी थांबली. आम्ही तिघे पळत गेलो. चारही रेघा सरळ होत्या. वीस तासे झाल्यावर मागच्या खालच्या नटाची रेघ दोऱ्याएवढी सरकलेली दिसली. दाजींचा चेहरा उतरला. नवे वायसर बसताना असे होते, मिस्त्री म्हणाले. त्यांनी इंजिन थंड होऊ दिले, नट किंचित आवळला आणि नवी रेघ ओढली. तीस तासे झाल्यावर ती सरळ होती. चाळीस झाल्यावरही. शेजाऱ्याने बैल उभे केले, बांध ओलांडून येऊन रेघा पाहिल्या आणि परत बैलांकडे गेला. पाच वाजता मिस्त्री नरसीला निघाले तेव्हा एक एकर राहिला होता. त्यानंतर रेघा दाजी पाहत होते.

सात वाजायला दहा मिनिटे कमी असताना बहिणीने शेवटचे तास संपवून पाती उचलली. तीन एकर पूर्ण झाले होते. पाऊस बुधवारी दुपारी चार वाजता सुरू झाला.