इंदूकाकूंचं धुराडं

इंदूकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते छताकडे टक लावून उभ्या असताना. बदलीमुळे आम्ही कोलकात्यात भवानीपूरला नुकतेच राहायला आलो होतो. शेजारीण मराठी आहे म्हणून मी उत्साहाने भेटायला गेले, तर काकू स्वयंपाकघरात पदर खोचून वर बघताहेत. "ये, बस," म्हणाल्या, "पण आधी सांग, हा धूर कुठून बाहेर काढू?"

त्यांच्या सुनेला, नलिनीला, दमा होता. कोळशाची शेगडी पेटली की तिला धाप लागायची. डॉक्टरांनी तिला काही महिने माहेरी पाठवायला सांगितलं होतं. काकूंना ते मुळीच पटलं नाही. "सुनेला कशाला घराबाहेर काढू? धुराला काढते."

स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी जिन्यात उघडायची. तिथे त्यांनी एक्झॉस्ट फॅन बसवला, तर सगळा धूर आमच्या दारात. मी काही बोलायच्या आत त्यांनीच तो उतरवला. "तुझी मुलं खोकायला लागली तर मी काय मिळवलं?"

आता छत फोडण्याखेरीज इलाज नव्हता. पण पलीकडच्या घरात राहणारे घरमालक दत्तबाबू हात जोडून एकच म्हणत, "छाद फुटो कोरबेन ना!" छत फोडू नका. भोक पाडलं की घर गळणार, ही त्यांची खात्री. काकू रोज त्यांच्याकडे जाऊन बसायच्या. शेवटी म्हणाल्या, "गळलं तर भोक बुजवून देते आणि घर रिकामं करते." हे ऐकून काकूंचा मुलगा हबकलाच. पण दत्तबाबू कबूल झाले.

छतावर छत्री धरून काकू मिस्त्रीच्या शेजारी उभ्या राहिल्या. पत्र्याचा पाइप वर आला, त्यावर टोपी बसली. पाइपाभोवतीचा सिमेंटचा कठडा बसका वाटला, तेव्हा त्यांनी तो फोडायला लावला. "और ऊँचा करो भैया, यहाँ पानी रुकेगा."

सिमेंट वाळल्यावर दत्तबाबूंना त्यांनी खाली शेगडीजवळ स्टुलावर बसवलं आणि आम्ही दोघींनी वरून बादल्या ओतायला सुरुवात केली. खालून आवाज येईना. अखेर दत्तबाबूच धापा टाकत वर आले, कोरडे ठणठणीत. "होये गेछे, होये गेछे! थामुन!" झालं, आता थांबा.

मग शेगडी पेटवली, पाइपाच्या तोंडाशी बसवलेला तोच फॅन लावला. धूर सरळ वर खेचला गेला. दारात नाकाला पदर लावून उभी असलेली नलिनी हळूच आत आली. तिने पदर खाली घेतला. काकू भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिल्या.

पुढच्या वर्षी आमची पुन्हा बदली झाली. निघायच्या दिवशी काकू घरात नव्हत्या, दत्तबाबूंच्या छतावर होत्या. आता दत्तबाबूंच्याच स्वयंपाकघराला धुराडं बसवणं चाललं होतं. मी वर गेले. काकूंचे हात डांबराने बरबटलेले. "कुंकू देवापाशी आहे, तुझं तू लावून घे," म्हणाल्या. "आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. नलिनीने गाडीसाठी पोळ्या केल्यात. सगळ्या तिनेच."