दुपारची वाळू

सत्याप्पा मेत्रीला काही विचारायचं असेल तर सकाळी कामावर जाण्याआधी विचारावं, नाहीतर संध्याकाळी. मधल्या वेळात तो प्रत्यक्ष बापालाही उत्तर द्यायचा नाही. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं त्यानं एकच काम केलंय, साच्याची वाळू तयार करायचं. वाळूत माती, कोळशाची पूड आणि पाणी घालून मिक्सर फिरवायचा, मूठभर वाळू काढायची, दाबायची आणि मधोमध मोडायची. कड धरून स्वच्छ मोडली तर बरी. भुगा झाला तर कोरडी. तळहाताला चिकटली तर ओली. कोरड्या वाळूचा साचा ढासळतो, आणि ओलीतनं वाफ निघून साच्यात ओतलेल्या पंपाच्या बॉडीला भोकं पडतात. झालं, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं ना? मग करून बघा. दोन इंजिनिअर करायला आले आणि हात काळे करून परत गेले.

बाप त्याचा दुसऱ्याच्या रानात राबला. सत्याप्पा सातवीपर्यंत शिकला आणि पुढं जमेल ते करत करत सव्विसाव्या वर्षी या फाउंड्रीत झाडू मारायला लागला. तिथं आण्णाप्पा नावाचा म्हातारा वाळूवर होता. त्याच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. त्यानं या झाडूवाल्याला हाताशी धरलं, डोळे मिटायला लावले आणि चार महिने नुसत्या मुठी वळायला लावल्या. चुकलं की म्हातारा म्हणायचा, "डोळं उघडू नगं, हातानं बघ." आज आण्णाप्पा नाही, पण सत्याप्पा मूठ वळताना अजून डोळे मिटतो. मजगावात त्याचं दोन खोल्यांचं घर आहे. पोरगा भीमरत्न हुबळीला नोकरीला, घरात हा आणि बायको पारूबाई.

अशा माणसापुढं गेल्या हिवाळ्यात एक पोरगी येऊन उभी राहिली. हातात स्टीलची एक कांब, तिला वायरी, वायरींना एक डबा. इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होती. वाळू बरी आहे की नाही हे मिक्सरमध्येच सांगणारं यंत्र तिला करायचं होतं. फाउंड्रीचे मालक युवराजसाहेब तिला घेऊन आले आणि म्हणाले, "सत्याप्पा, ह्या मॅडमना काय पायजे ते दाखव."

"नाव काय म्हणालीस?"

"पारमिता. निपाणीची."

सत्याप्पानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "जयभीम."

"जयभीम, आप्पा!" ती अशी खणखणीत म्हणाली की पलीकडं साचे भरणाऱ्या शामूनं मान वर केली. तिथंच सत्याप्पा विरघळला, खोटं कशाला बोला. तिची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला आणि पोरगी डॉक्टर होणार! त्या संध्याकाळी त्यानं पारूबाईला ही गोष्ट तीनदा सांगितली.

यंत्राचं तत्त्व पारमितानं त्याला नीट समजावलं. "वाळूत पाणी किती ते ही कांब सांगत्या, आप्पा. पण तेवढ्यानं वाळू बरी का वाईट ते कळत न्हाय. ते तुमच्या हाताला कळतं. तुम्ही मिक्सरच्या प्रत्येक घाण्याला कोरडी, बरी, ओली सांगायचं. मी लिहून घेणार. तुमच्या उत्तरांवरनं यंत्र शिकणार."

पहिला महिनाभर ती फक्त सकाळी यायची, कारण दुपारी तिला कॉलेजात शिकवायला जावं लागायचं. सत्याप्पा सांगायचा, ती लिहायची. यंत्र भराभर शिकलं. दुसऱ्या महिन्यात परीक्षा सुरू झाली. आता ती दिवसभर थांबायची. यंत्र आपलं मत दिव्यानं सांगणार, सत्याप्पा आपलं मत तोंडानं सांगणार आणि दोन्ही जुळतात का ते वहीत पडणार. दिवा हिरवा लागला की वाळू बरी. हा दिवा तिनं हौसेनं सत्याप्पाच्या अगदी डोळ्यांसमोर टांगला.

सकाळी दोघांचं बरोबर जुळायचं. घोळ दुपारचा होता. सकाळी ओतलेले साचे दुपारी फोडतात आणि त्यांतली तापलेली वाळू परत मिक्सरला येते. अशा वाळूत पाणी मापात असलं तरी साच्यापर्यंत जाईतो ते उडून जातं, म्हणून थोडं जास्तच घालावं लागतं. यंत्र बिचारं फक्त सकाळची थंड वाळू शिकलेलं. त्याला हे कुठनं ठाऊक असणार?

पहिल्याच दुपारी सत्याप्पानं मूठ वळली. गरम, म्हणजे साच्यापर्यंत जाईतो कोरडी. डोळे उघडले तर समोर हिरवा दिवा, आणि त्याच्या शेजारी पेन धरून उभी राहिलेली पारमिता. तिच्या चेहऱ्यावरची ती आशा बघून त्याच्या तोंडातनं शब्द निघाला, "बरी."

ती वहीत लिहायला वळली तशी यानं तांब्याभर पाणी मिक्सरमध्ये ओतलं. साचे झकास झाले.

मग हे रोजचंच झालं. दुपारी हिरवा दिवा, याचं "बरी", आणि मागनं गुपचूप तांब्या. एकदा शामूनं विचारलंच, "अण्णा, यंत्र बरी म्हणतंय, तुम्हीबी बरी म्हणताय, मग पानी कशाला?"

"गप रं. तू तुझं साचं भर."

महिन्याच्या शेवटी पारमिता नाचतच आली. "शंभरात सत्त्याण्णव जुळलं, आप्पा! माझ्या गाईड सरांना खरंच वाटेना." मग तिनं पुढचं सांगितलं. बुधवारी बेंगळूरहून तपासणारे येणार होते. त्या दिवशी यंत्र नुसता दिवा लावणार नव्हतं, पाण्याचा व्हॉल्व्हही तेच उघडणार, तेच बंद करणार. सत्याप्पानं मिक्सरजवळ थांबायचंसुद्धा नाही. पसंत पडलं तर तिचा प्रबंध पुढं सरकणार.

 सत्याप्पाचा तांब्या नाही म्हटल्यावर दुपारचे साचे ढासळणार, आणि तेही पाहुण्यांच्या समोर. पोरीची अब्रू जाणार, आणि ती घालवणारा दुसरा कुणी नाही, हाच.

रविवारी तो भाकरी अर्धी टाकून उठला. पारूबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बोलला. तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "लेकराच्या भल्याचं म्हणून लेकराला खोटं सांगितलंसा. आता तिला दुसऱ्याकडनं कळण्याआधी तुमीच सांगा."

सोमवारी दुपारी, चहाच्या सुट्टीत, त्यानं पारमिताला मिक्सरजवळ बोलावलं. दिवा हिरवा होता.

"हात घाल वाळूत."

"गरम हाय की!"

"व्हय. आता ही साच्यापर्यंत जाऊ दे, मग मूठ वळ."

ती वाळू नेणाऱ्या पट्ट्याबरोबर चालत गेली, पलीकडं मूठ वळली आणि मोडली. वाळूचा भुगा तिच्या बुटांवर पडला. तिनं परत घेतली. परत भुगा. ती वळून आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"पण तुम्ही तर रोज बरी म्हणत होता."

"म्हणत होतो. तुझी पाठ वळली की पानी घालत होतो. मला वाटलं, आपली पोरगी हाय, तिचं यंत्र नापास हुयाला नगं."

आरडाओरडा झाला असता तर सत्याप्पाला बरं वाटलं असतं. ती हळूच बोलली. "आप्पा, कॉलेजात माझ्यामागं काय बोलतात ठाऊक हाय? हिला सगळं सवलतीनं मिळालं. त्यांचं तोंड बंद करायला मी एकेक आकडा तीन-तीनदा तपासते. आठ वर्षं तपासते. आणि सगळ्यात मोठी सवलत तुम्हीच दिलीत मला."

सत्याप्पाला एकतीस वर्षांत फाउंड्रीत कुणी असं बोललं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं, बाळ," एवढंच त्याला म्हणता आलं.

ती मिक्सरच्या पायरीवर बसली.  मग नाक पुसलं आणि म्हणाली, "दिवा तुमच्या डोळ्यांसमोर टांगला ते माझंबी चुकलंच. सकाळचीच वाळू शिकवली तेबी." तिथूनच तिनं सरांना फोन लावला, जसं घडलं तसं सांगितलं आणि बुधवारची तपासणी सहा महिने पुढं ढकलली. सहा महिने म्हणजे तिच्या वयाला काही थोडे नव्हेत. युवराजसाहेब दोन दिवस फणफणले. पण पंपांची मागणी एवढी होती की तिसऱ्या दिवशी विसरले.

पुढल्या सोमवारी ती परत आली. वाळूची उष्णता मोजणारी आणखी एक बारीक कांब तिनं बसवली होती, पण यंत्र अजून तिच्यावरनं काही शिकलेलं नव्हतं. दिवा पत्र्याआड, सत्याप्पाला दिसणार नाही असा. आधी त्यानं मोठ्यानं सांगायचं, मग तिनं पत्र्यामागं जाऊन बघायचं. पहिल्या दुपारी "कोरडी" म्हणताना त्याची जीभ जड झाली. तरी तो म्हणाला. पत्र्यामागनं आवाज आला, "इथं हिरवा हाय. यंत्राची चूक. पुढचा घाणा."

संध्याकाळी तिनं वही मिटली तेव्हा त्याला आकडा विचारायचा धीर होईना. तिनंच सांगितला, आणि सांगताना तिचे डोळे चमकत होते. आता यंत्राला शिकवायला काहीतरी खरं हाताला लागलंय, असं म्हणाली. सत्याप्पाला त्यातलं निम्मंच कळलं, पण जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर पारूबाईनं तव्यावरची भाकरी उलटत विचारलं, "काय झालं?"

"अकरा चुका काढल्या पोरीच्या."

"आगं बाई! मग रागावली आसंल?"

"न्हाय. उद्या आणिक काढा म्हणाली." त्यानं पाट ओढला आणि ताठ बसला. "चाळीसात अकरा. एकबी सोडली न्हाय."