नेमसिंगचं सर्टिफिकेट कुणी दाबलं

तासभर झगडून धरलेला बोकडाएवढा मासा, फोटो काढून परत समुद्रात सोडणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी नव्हता पाहिला. म्हणून नोकरी गेली, कागद अडकला, सोडवून द्या म्हणत माझ्याकडे आलेल्या नेमसिंगला मी तोंडावर म्हणाले, "थापा मारू नकोस. काय चोरलंस ते सांग."

नेमसिंग हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरचा. आयटीआय झालेला डिझेल मेकॅनिक. पंधरा वर्षं त्याने कयाधू नदीकाठची बंद पडलेली इंजिनं चालू केली. २००६ साली दगडोबा नावाच्या एजंटाने त्याला गाठलं. अंदमानात बोट आहे, प्रवाळाच्या खडकांवर पाहुण्यांना गळ टाकायला न्यायचं, इंजिन तू सांभाळ. नेमसिंग निघताना दगडोबाने त्याचं आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट तेवढं काढून घेतलं. मला तिथेच वास आला असता. मला विचारतो कोण?

"ताई, पहिल्या दिवशीच डाऊट आला," नेमसिंग सांगत होता. "गोरे पाहुणे. मासा वढायचे, मिठीत घेऊन फोटू काढायचे अन् सोडून द्यायचे. खायचा न्हाई तं इतक्या लांब आले काहून? मला वाटलं, खाली दुसरंच कायतरी हुडकून राहिले."

"विचारलं नाहीस?"

"इचारलं. खलाशी म्हणे, शौक है. असा शौक असतो व्हय?"

महिनाभर त्याने पाळत ठेवली. मग एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या गळाला मोठा मासा लागला. सोडण्याआधी दमलेल्या माशात जीव यावा म्हणून दोघं त्याला शेपटीला धरून पाण्यात हलवत होते. नेमसिंगला वाटलं, हातचा सुटून राहिला. त्याने मासा वर ओढला, पान्ह्याचा घाव घातला आणि तांड्यावर शिकारीचे घालतात तसे तिथेच वाटे घातले. जितकी माणसं तितके वाटे, नुसतं बसलेल्यालाही एक. डोक्याकडचा, मानाचा, म्हाताऱ्याला.

म्हातारा वाट्याकडे बघून रडला म्हणे. मालकाने नेमसिंगला त्याच दिवशी धक्क्यावर उतरवलं. सर्टिफिकेट? एजंटाकडे.

मी मालकाला रजिस्टर पत्र टाकलं. दोन ओळींचं उत्तर आलं : तुमच्या माणसाने पाहुण्याचा मासा मारला. त्याचे कागद आमच्याकडे नाहीत.

म्हणजे नेमसिंग खरं बोलत होता. मी त्याची माफी मागितली. मला ती सवय नाही.

मग दगडोबाचं दार गाठलं.

"या ताई, चहा घ्या."

"चहा मी घरी पिते. कागद काढ."

"आईची आन, मालकाकडं हाय."

बोलताना त्याची नजर दोनदा कपाटाकडे गेली. कपाटाला दोन कुलपं. मालकावरही माझा विश्वास नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतोय, कदाचित दोघंही.

पुढच्या महिन्यात पंपचालकाच्या जागेसाठी नेमसिंगची मुलाखत आहे. मूळ कागद नसेल तर आत घेणार नाहीत. दुसरी प्रत निघायला सहा महिने लागतात, आणि भरतीचं वय त्याचं याच वर्षी संपतं.

तुमचं कुणी अंदमानात नोकरीला असेल तर त्याला आजच फोन लावा. धक्क्यावर जाऊन म्हणावं, हिंगोलीच्या इंजिनवाल्याला उतरवलं ती बोट आत्ता कुठे आहे, आणि मालकाला समोरासमोर विचारावं, नेमसिंग प्रेमसिंग राठोडचा कागद कुठे आहे. तो जे बोलेल ते शब्दाला शब्द मला कळवा.