पूर्णेच्या घाटावरचा बहिरा

पूर्णा नदीच्या पलीकडून कुणी हाक मारली की अलीकडून कडूबा भोई लांबलचक ओ द्यायचा. ओ दिली म्हणजे त्याचा लाकडी डोंगा पाण्यात सुटलाच, असा आमच्या घाटाचा कायदा. मग पलीकडचा माणूस निवांत वाळूत बसून बिडी पेटवायचा. कडूबाच्या आज्यापासून घाट त्यांच्या घरात होता, आणि सुगीला प्रत्येक खळ्यावर त्याच्या पाटीत ज्वारी पडायची. माणूस तसा सरळ, पण नाकावर राग. टोपी वाकडी झाली म्हटलं तरी दोन दिवस बोलायचा नाही.

महाराष्ट्र झाल्यावर दोनेक वर्षांनी वरच्या अंगाला, दोन कोसांवर, पूल झाला. उद्घाटनाला कुणी मंत्री येणार म्हणून अख्खं गाव नवे कपडे घालून सकाळीच निघालं. जाता जाता सरपंच उकंडराव घाटावर थांबले.

"काऊन बे कडूबा, आता डोंग्याची म्हशीले गव्हाण करतं का?"

सगळे खो खो हसले. चेष्टाच होती, पण आज्याच्या डोंग्यात म्हैस तोंड घालणार हे कडूबाला फार लागलं. तो एकटाच घाटावर फुगून बसला.

दुपारी पलीकडून बाईची हाक आली. कडूबानं मान वर केली, पाहिलं, आणि पाठ फिरवली. पूल झाला ना, मग ये म्हणावं पुलावरून! हाका येतच राहिल्या. आवाज बसला, तरी येत राहिल्या. मग थांबल्या.

ती जनकाबाई होती, आमच्या गावची लेक. तिचा भाऊ उत्तमराव शेवटच्या घटका मोजत होता; निरोप मिळताच ती सासरहून धावत निघाली होती. पुलावरून वळसा घालून ती दिवेलागणीला पोचली. तोवर उद्घाटनाहून आलेली पुरुषमंडळी चितेला अग्नी देऊन अंगणात परतली होती. एकुलत्या एका भावाचं तोंड तिला दिसलं नाही.

"डोंग्यानं काऊन नाई आली?" उकंडरावांनी विचारलं.

कडूबा तिथंच उभा होता.

"लय हाका मारल्या," जनकाबाई म्हणाली. "त्याले ऐकूच गेलं नसन."

"हाव, कान गेले असतीन बिचाऱ्याचे," उकंडराव हळहळले. "जनमभर पान्यावरचा वारा खाल्ला ना."

एवढ्यावर तोंड उघडलं असतं तर लोकांनी शिव्या घातल्या असत्या, फार तर घाट काढून घेतला असता. पण कडूबानं मान खाली घातली आणि हो म्हणून हलवली. त्या घटकेपासून तो बहिरा झाला.

आमचं गाव वाईट नाही, हाच तर घोळ झाला. कुणी त्याला घाटावरून हाकललं नाही. उलट उकंडरावांनी नांदुऱ्याहून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आणवून पलीकडच्या बाभळीला टांगला. तो दगडानं वाजवायचा, तेवढं बहिऱ्यालाही ऐकू जाईल. पण नवख्या माणसाला रूळ ठाऊक नसायचा. तो बिचारा नुसत्या हाका मारत राहायचा आणि कडूबा अलीकडे प्रत्येक हाक ऐकत, दात ओठ खात बसून राहायचा. कुणी तरी रूळ दाखवेपर्यंत त्याला उठायची सोय नव्हती. लोक त्याच्या कानाशी येऊन ओरडायचे. घरात त्याची बायको चांगुणा तेवढी हळू बोलायची. तिला सगळं माहीत होतं, आणि हे मला तिनंच सांगितलं.

"सांगून टाका एकडाव," ती म्हणायची.

"कोन्या तोंडानं सांगू?" तो म्हणायचा.

काही वर्षांनी जनकाबाईनं अंथरूण धरलं. कडूबा मनाचा हिय्या करून चांगुणासह पलीकडे गेला. आज पाय धरायचे आणि सगळं ओकून टाकायचं, असं ठरवूनच गेला होता. ओसरीवर सोयरेधायरे बसलेले. आत खाटेजवळ तो वाकला, तेव्हा जनकाबाई अगदी हळू, फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली,

"कडूबा, तू पाठ फिरवली तवा मी पाहत होती. तुह्या घरची रोटी जाईन मनून बोलली नाई. आता तरी मोकळा होय, बापा."

खोलीतल्या बाया बघत होत्या. दारात उकंडरावही येऊन उभे राहिले होते. कडूबाचे ओठ हलले. आणि त्यानं कानामागं हात धरला.

"काय मनलं, बाई? जरा जोरानं बोला."

जनकाबाईनं उशीवरून मान उचलली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, होता नव्हता तो जोर लावून ती म्हणाली,

"काई नाई! जेवून जाय मनलं!"

आणि तो जेवायला बसला.